तेहतिसावं पान

माणूस ओळखायचा तर आधी कान बघावा, हे मधलीने नोकरीत शिकलेलं पहिलं आणि शेवटचं शहाणपण. ओळखपत्रांच्या कार्यालयात चार नंबरच्या खिडकीमागे तिची बावीस वर्षं गेली होती. समोर माणूस, हातात त्याचा फोटो, आणि दोन्ही एकच आहेत की नाहीत एवढंच सांगायचं. डोळे रडून सुजतात, नाक पडून मोडतं, केसांचं तर बोलायलाच नको. कान मात्र जन्मभर तसाच राहतो. वरची घडी, आतली वाटी, खाली पाळी. नव्या कारकुनांना ती हे समजावून सांगायची, तेव्हा ते तिच्या डाव्या कानाकडे बघायचे आणि पटकन नजर दुसरीकडे वळवायचे.

तिच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत उभी फाटलेली होती. ती सात वर्षांची असताना दुधाचं भांडं सांडलं म्हणून आईने कानातल्याला धरून तिला ओढलं होतं. दोन टाके घातले की झालं, दहा मिनिटांचं काम, असं ऑफिसातल्या सगळ्यांनी तिला सतरांदा सांगून झालं होतं. तिने टाके घातले नाहीत. उलट केस मुद्दाम मागे घट्ट बांधायची. कानातली घ्यायची ती जोडीनेच, पण उजवं घालायची आणि डावं पत्र्याच्या एका डबीत पडून राहायचं. एक दिवस आई विचारेल, हे कशानं झालं गं, आणि मग आपण सांगू, हे तिने इतकी वर्षं मनाशी धरून ठेवलं होतं. आईने कधी विचारलं नाही. आणि आता तर आईला मधलीच ओळखू येईनाशी झाली होती.

चीड यायची ती याची, की बाकीचे सगळे ओळखू यायचे. परगावचा थोरला महिन्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायचा, तर आई स्क्रीनवरून हात फिरवून म्हणायची, "वाळलास रे." धाकटीचं नाव काढलं की हसायची. मधली मात्र गेली सहा वर्षं तिच्यासोबत राहत होती, तिची नखं कापत होती, तिच्या गोळ्या मोजत होती. ती संध्याकाळी साडेपाचला दार उघडून आत आली, की आई दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींना विचारायची, "ही बाई परत आली? हिला घर नाही का?"

मावशी बिचाऱ्या ओशाळायच्या. "अहो आजी, तुमची लेक ना ही."

"माझी लेक असली नाही," आई म्हणायची. तेही असं, की पुढे बोलायची सोयच राहू नये.

खेळाची कल्पना धाकटीची. तिला कल्पना सुचतात आणि राबायला मधली आहेच, हे घरात लहानपणापासून ठरलेलं. डॉक्टरांनी आईला रोज ओळखीचे चेहरे दाखवायला सांगितलं होतं. फोनवर फोटो बघायला आई तयार नव्हती; फोन हातात दिला की पालथा घालून ठेवायची. तेव्हा धाकटीने कुठेतरी वाचलं, की फोनमधल्या फोटोंचे खेळायचे पत्ते छापून मिळतात. घरातल्या सोळा माणसांचे प्रत्येकी दोन फोटो घ्यायचे, एक लहानपणचा, एक आताचा. बत्तीस पानं टेबलावर मांडायची आणि आईने जोड्या लावायच्या. सगळ्यांनी आपापले फोटो एका सामायिक अल्बममध्ये टाकायचे, आणि फोटो स्टुडिओवाला तिथूनच छापणार.

त्या अल्बमवरून आठवडाभर भांडणं झाली. थोरल्याने स्वतःचे नऊ फोटो टाकले, त्यातून कोणता घ्यायचा यावर वहिनीचं आणि धाकटीचं वाजलं. एका भाच्याने गॉगल लावलेला फोटो टाकला, तो काढायला लावला तर तो ग्रुप सोडून गेला. धाकटीने आईच्या नावानेही एक खातं उघडून दिलं. आईला ते वापरता येणार नव्हतं, पण तिला वाईट वाटायला नको म्हणून. मधलीने आपले दोनच फोटो टाकले. एक सहा वर्षांची असतानाचा, पायरीवर बसलेला, दोन्ही कानांत मोत्यांची फुलं. दुसरा गेल्या महिन्यातला, करडा स्वेटर, केस मागे, फाटकी पाळी स्पष्ट दिसेल असा.

पत्त्यांचा खोका शनिवारी दुपारी आला. जाड, गुळगुळीत पानं, मागे निळा रंग, आणि नव्या छपाईचा डोक्यात जाणारा वास. सवयीने मधलीने पानं मोजली. तेहतीस भरली.

तिने जोड्या लावून पाहिल्या. थोरला-थोरला, वहिनी-वहिनी, धाकटी-धाकटी. शेवटी तिच्या स्वतःच्या दोन पानांशेजारी एक पान एकटं उरलं. त्यावर तिच्याच वयाची एक बाई होती. करडा स्वेटर, केस मागे बांधलेले, मागे तीच खिडकी. चेहरा अनोळखी होता. गाल भरलेले, भुवया शांत, आणि लाडात वाढलेल्या माणसांचं असतं तसं सैल, निवांत हसू. दोन्ही कानांत मोत्यांची फुलं.

मधलीला हसू आलं, मग राग आला. तिने स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"मॅडम, अल्बममध्ये तेहतीस होते, मी तेहतीस छापले," तो म्हणाला. "मी काय घरून आणून फोटो टाकतो का?"

तिने अल्बम उघडला. तो फोटो होता. प्रत्येक फोटोखाली तो टाकणाऱ्याचं नाव येत होतं. या फोटोखाली लिहिलं होतं: आई.

धाकटीचाच आचरटपणा, असं तिने ठरवून टाकलं. तरी खिडकीमागची सवय गप्प बसेना. तिने ते पान उजेडात धरलं आणि आधी कान बघितला. मग आपलं लहानपणचं पान त्याच्याशेजारी धरलं. वरची घडी जुळत होती. आतली वाटी जुळत होती. असे दोन फोटो खिडकीवर आले असते, तर तिने डोळे झाकून शिक्का मारला असता.

त्या संध्याकाळी आई पहिल्यांदा खेळली. मधलीने टेबलावर सगळी पानं उघडी मांडली. आईने थोरल्याची जोडी लावली, नातवंडांच्या लावल्या, एकदाही चुकली नाही. मग तिने पायरीवरच्या सहा वर्षांच्या मुलीचं पान उचललं आणि त्या अनोळखी बाईच्या पानाशेजारी नीट, कडेला कड जुळवून ठेवलं.

"माझी मनी," ती म्हणाली.

मनी हे नाव मधलीने चाळीस वर्षांत आईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "आई, ती नाही. ही बघ. ही मी." तिने आपलं पान पुढे सरकवलं.

आईने त्या पानाकडे पाहिलं. मग मधलीकडे पाहिलं. दोघींकडे सारख्याच तिटकाऱ्याने पाहून तिने ते पान पालथं घातलं आणि बोटाने टेबलाच्या कडेला ढकललं.

"ही जादाची आहे."

पुढचे दहा दिवस हेच चाललं. आई खोका स्वतःहून मागायची, जोड्या लावायची, आणि मधलीचं पान पालथं घालून कडेला सारायची. कधी ते खाली पडायचं, आणि मधली वाकून उचलायची. मावशी एकदा जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आजी दुपारभर तुमच्या त्या फोटोशी बोलत बसतात. किती गोड बोलतात हो!"

"कोणत्या फोटोशी?"

"तुमच्याच की. मोत्यांची फुलं घातलेल्या."

मधलीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मावशी थट्टा करणाऱ्यातल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते पान पर्समध्ये घातलं आणि ऑफिसच्या खणात नेऊन ठेवलं. त्या खणात एक चपटी पेटी होती. ज्यांचा माणूस सापडत नाही असे फोटो तिच्यात पडून असायचे. त्यांच्यावर ते ठेवून तिने खण बंद केला आणि कुलूप लावलं. बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आली तर आईने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलेलं होतं. मावशींच्या दंडावर नखांचे ओरखडे होते. आई टेबलाशी बसून पायरीवरच्या मुलीचं एकटं पान पुन्हापुन्हा खाली-वर करत होती. मधलीला पाहताच ती उठली. तिच्या पायांत इतकी ताकद मधलीने वर्षभरात पाहिली नव्हती.

"माझ्या पोरीचं काय केलंस?" आई म्हणाली. ओरडली नाही. "सांग. कुठं टाकलीस तिला?"

तिसऱ्या दिवशीही आईने काही खाल्लं नाही. धाकटीला हे कळलं तेव्हा तिने थोरल्यालाही जोडून घेऊन व्हिडिओ कॉल लावला.

"तूच तुझा फोटो खेळातून का काढलास?" धाकटीने सुरुवातच अशी केली. "आई चांगली रमली होती. तुला काही चांगलं बघवतच नाही का गं?"

"माझा फोटो खेळातच आहे. हा काय." मधलीने फाटक्या कानाचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं.

थोरल्याने चष्मा चढवला, स्क्रीनजवळ आला.

"ही कोण? तुझ्या ऑफिसातली?"

"दादा, थट्टा पुरे. कान बघ माझा."

"काय झालंय कानाला?"

"काय झालंय? दूध सांडलं म्हणून आईने ओढला होता. तू दारातच उभा होतास. रक्त पुसायला फडकं तूच आणलं होतंस!"

थोरल्याने मान हलवली. "आईने आपल्यावर कधी बोट उचललं नाही. उगाच काहीतरी मनात घेऊ नकोस."

"तुझं नेहमीचंच," धाकटी म्हणाली. "आई या अवस्थेत आहे आणि तू तिच्यावर आळ घेतेस. आणि ऊठसूट त्या परक्या बाईचा फोटो काय दाखवतेस? मला बघवत नाही तो. तुझं पान परत ठेव, एवढं कर."

कॉल बंद झाल्यावर मधली काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. विसरण्याचं सोंग त्यांनी लहानपणापासून केलं होतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण थोरल्याने चष्मा चढवला तेव्हाचे त्याचे डोळे सोंगातले नव्हते. चेहरा जुळत नाही तेव्हा माणूस कसा बघतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सकाळी ऑफिसच्या फाटकावर तिने रोजच्यासारखं गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. पहारेकरी सतरा वर्षं तिला बघत होता. त्याने ओळखपत्र हातात घेतलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, परत ओळखपत्राकडे.

"मॅडम, फोटो बदलून घ्या," तो हसत म्हणाला. "ही तुम्ही वाटतच नाही. केवढी कावलेली दिसते ही बाई!"

ती तडक प्रसाधनगृहात गेली. आरशात तिचा चेहरा तिचाच होता. गाल जरा भरल्यासारखे वाटले, पण उजेड खराब होता. तिने डावा कान चाचपला. पाळीची दोन सुटी टोकं बोटाला लागली. फट मात्र तिला आठवत होती त्याहून आखूड होती. तिने नखाने मोजून पाहिलं. मग पुन्हा मोजलं नाही.

दुपारी सुट्टी टाकून, खणातलं पान घेऊन ती घरी आली. चार वाजले होते. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. मावशींना तिने लवकर सोडलं. आई टेबलाशी बसली होती, ओठ सुकलेले, हाताची कातडी कागदासारखी. मधलीने तिच्यासमोर पान ठेवलं. एवढीशी म्हातारी उपाशी मरेल आणि आपला हट्ट जिंकेल, असलं जिंकणं तिला नको होतं.

आईने पान उचललं. मुलीच्या पानाशेजारी ठेवलं. कडेला कड जुळवली.

मग तिने मान वर केली आणि मधलीचा हात धरला. गेल्या सहा वर्षांत तो हात मधलीला फक्त ढकलायला पुढे झाला होता.

"इकडे ये," आई म्हणाली.

मधली वाकली. आईचा अंगठा तिच्या गालावरून सरकत डाव्या कानापर्यंत आला. पाळीपाशी थांबला. फटीत अडकला.

"हे कशानं झालं गं?"

चाळीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो हा. उत्तर तयार होतं, पाठ होतं. तू केलंस. दूध सांडलं म्हणून. मी सात वर्षांची होते.

आईचे डोळे स्वच्छ होते. इतके स्वच्छ, की ती सगळं समजून विचारत होती, असं मधलीला वाटलं. आणि त्या डोळ्यांत एक धमकीही होती, अगदी ओळखीची. दुधाचं भांडं खाली पडलं तेव्हा होती तीच.

"कोणी ओढला का?" आईने विचारलं. अंगठा आणि बोट पाळीवर आवळलं गेलं. "सांग. खरं सांग."

मधलीने टेबलाकडे पाहिलं. कडेला पालथं पडलेलं एक निळं पान. मधोमध लावलेली एक जोडी.

खरं सांगितलं तर हा हात सुटणार होता. पुन्हा कधीच पुढे होणार नव्हता.

"कोणी नाही, आई," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. काही झालेलंच नाही."

आईची बोटं सैल झाली. पाळीवरून तिने अंगठा एकदा फिरवला, पीठ सारखं करावं तसा.

"मग बरं आहे," ती म्हणाली. "बस, मने. भूक लागली आहे मला."

आई पोटभर जेवली. वाटीभर दूधही प्यायली. जेवताना तिने दोनदा मनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वाळलीस म्हणाली. मनीच्या डोळ्यांना धार लागली होती. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं. कशाचं रडू येतंय ते तिला सांगता आलं नसतं, पण चांगलंच काहीतरी असणार.

साडेपाचला तिने टेबल पुसलं आणि पानं आवरायला घेतली. सवयीने मोजली. तेहतीस भरली. जोड्या लावत गेल्यावर एक पान उरलं, टेबलाच्या कडेला पालथं पडलेलं. तिने उलटून पाहिलं. करडा स्वेटर घातलेली कोणी बाई. कावलेला चेहरा, केस मागे करकचून बांधलेले, आणि डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली. बघायला नको वाटेल अशी. तरी मनीने खिडकीवर बघायची तशी ती नीट पाहिली, आपल्या लहानपणच्या पानाशेजारी धरून, शेजारच्या दुसऱ्या पानाशेजारी धरून. कान जुळत नव्हता. पाळीच वेगळी.

"ही कोण गं आई?"

"टाक ती बाहेर," आई न बघता म्हणाली. "तिला घरात घ्यायची नाही."

मनीने ग्रुपवर विचारलं, ही आपल्यातली नाही ना? थोरल्याचं उत्तर लगेच आलं: नाही. धाकटीने लिहिलं, काढून टाक एकदाची, मी कधीची सांगतेय. मनीने अल्बम उघडून तो फोटो शोधला. खाली टाकणाऱ्याचं नाव होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. हात लागून चुकून गेला असेल. तिने तो पुसला. पान पर्समध्ये घातलं. उद्या ऑफिसच्या पेटीत टाकायचं, ज्यांचा माणूस सापडत नाही त्यांच्यात.

मग आईला जरा बाहेर फिरवून आणावं म्हणून ती तयार व्हायला आत गेली. आरशात दिसलं, उजव्या कानात कानातलं होतं, डावा कान रिकामा. घालायचं राहिलं असेल. तिने पत्र्याची डबी उघडली.

डबी कानातल्यांनी गच्च भरलेली होती. तिने ती पलंगावर ओतली आणि जोड्या लावल्या. कानातलं ते एक धरून एकूण एक जोडी पुरी होती. पण प्रत्येक जोडीतलं एक वापरून वापरून झिजलेलं, काळं पडलेलं, आणि दुसरं कोरं करकरीत. एकदाही न घातलेलं.

"मने," बाहेरून आईने हाक मारली. "किती वेळ?"

"आले," ती म्हणाली, आणि उजव्या कानातल्याच्या जोडीचं कोरं होतं ते उचलून डाव्या कानात घातलं. ते सहज गेलं.